मेंढरं राखायचं सर्टिफिकेट

फ्रान्सला शिकायला गेल्यावर पहिल्याच सकाळी मी हॉस्टेलच्या खिडकीचा पडदा सरकवला आन् कपाळावर हात मारला. खाली मेंढरं चरत होती. सात. म्हणजे धावडा गावातून निघून, मुंबई-पॅरिस करत, दोन विमानं बदलून मी आले कुठं, तर मेंढरापाशी.

आम्ही धनगर, भोकरदन तालुक्यातले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, सगळी हयात मेंढरामागं घातली आन् एकच हट्ट धरला की पोरीच्या हातात काठी येऊ द्यायची न्हाई. स्टॅटिस्टिक्स शिकायला मी परदेशी जायचं ठरलं तेव्हा त्यांनी सगळी मेंढरं विकली आन् स्वतः कापसाच्या जिनिंगवर हमालीला लागले. गावात भेटंल त्याला सांगायचे, आमच्या घरातलं मेंढरू सुटलं आता. मंग त्यांना कोणत्या तोंडानं सांगू की इथं कॉलेजनंच मेंढरं पाळलीत?

पाळलेली गवतासाठी. मशीननं गवत कापलं तर निसर्गाला त्रास होतो म्हणे. कुंपणाला पाटी होती, तिच्यावर एकेका मेंढीचं नाव, वय आन् स्वभाव लिहिलेला. एक लाजाळू होती. एकीला काही खायला देऊ नका, तिचं पथ्य चालू आहे, अशी सूचना होती. आमच्याकडं पथ्य माणसालाबी परवडत न्हाई.

अण्णांचा व्हिडिओ कॉल आला की मी खिडकी लावून भिंतीला पाठ लावून बसायची. तरी एकदा बेंऽ ऐकू गेलंच. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणलं, शेजारणीच्या मोबाईलची रिंग. ते म्हणले, लोकंबी कायच्या काय लावतात. खोटं बोलायची मला सवय न्हाई, आन् अण्णांशी तर बिलकुल न्हाई.

दिवाळीच्या सुमाराला ती लाजाळू मेंढी लंगडायला लागली. मी ऑफिसला मेल केला. उत्तर आलं की मेंढ्या बघणाऱ्या मॅडम सुट्टीवर आहेत, खुरांचं काम दुसऱ्या खात्याकडं आहे, आपण कळवलंत त्याबद्दल आभार. दुसऱ्या खात्यानं कळवलं की माणूस महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी येतो. तो बुधवार होऊन गेल्ता. चार दिवस मी खिडकीतून नुसती बघून राह्यले होते, पाचव्या दिवशी डोकं फिरलं. जित्याची खोड, दुसरं काय. कुंपणावरून उडी मारली, मेंढीचा मागचा पाय धरून तिला आडवी केली, मांडीखाली दाबली आन् बटाटे सोलायच्या चाकूनं खूर साफ केला. आत खडा रुतून पू झाल्ता. हळद भरली, जुन्या ओढणीची चिंधी बांधली. उठून बघते तर भोवती वीस-पंचवीस पोरं मोबाईल धरून उभी. एक पोरगी रडत होती. एकानं विचारलं, याचा क्लास कुठं असतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. तिथली बाई फार गोड. कॉफी दिली, बिस्कीट दिलं आन् दोन गुन्हे वाचून दाखवले. एक, परवानगी न घेता कुंपणाच्या आत शिरले. दोन, प्रशिक्षण नसताना उपचार केला. मेंढी आता बराबर चालते, हेबी आम्ही नोंदवून घेतलंय, असं म्हणली. प्रशिक्षण झालेलं असंल तर हा अर्ज भरायचा, शिकवणाऱ्याची सही आणायची, विषय संपला. नसंल तर प्रकरण शिस्तीच्या समितीपुढं. समितीत नाव गेलं की पुढच्या वर्षीच्या व्हिसाचं काही खरं न्हाई, हे हॉस्टेलातल्या प्रत्येकानं मला न विचारता सांगितलं.

शिकवणारा म्हणजे अण्णा. आली का पंचाईत.

फोन लावला आन् सगळं सांगून टाकलं, रिंगचंबी. अण्णा म्हणले, "कोणता पाय?"

मागचा डावा, म्हणलं. हळद कोरडी भरली का तेलात कालवून, हे त्यांनी विचारलं. कोरडी म्हणल्यावर चिडले. चिडले ते तेवढ्यावरच. मंग अर्ज वाच म्हणले.

शिकवणाऱ्याचा धंदा काय, या रकान्यात मी मेंढपाळ लिहायला लागले तर त्यांनी थांबवलं. आता हमाल आहे, तेच लिही. शिक्षण सुरू कधी झालं? ते म्हणले, तू चौथीत असताना. शाळा बुडवून माळावर आल्ती आन् मी तुला बदडलं होतं, तो दिवस. मी म्हणलं, अण्णा, मारलं म्हणजे शिकवलं व्हय? ते म्हणले, मारलं, पण घरी कुठं पाठवलं. एकूण तास किती, तर दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, सगळ्या सुट्ट्यांचे. मी गुणाकार केला. आमच्या प्राध्यापकांच्या सगळ्या पदव्या मिळूनबी तेवढे तास भरले नसते.

सही करून त्यांनी फोटो पाठवला, अर्ज पास झाला आन् त्या बाईनं अभिनंदनाचा मेलबी केला. पण त्याच्या आधी शेवटचा एक रकाना राह्यला होता. शिक्षण संपल्याची तारीख. मी म्हणलं, टाकते काहीतरी.

"काहीतरी नको," अण्णा म्हणले. "गुढीपाडव्याचा दुसरा दिवस. सकाळी साडेसात."

त्या दिवशी काय झाल्तं ते मला आठवंना. मी तर तेव्हा परीक्षेला संभाजीनगरात होते. विचारलं तर म्हणले, टेम्पो आल्ता मेंढरं न्यायला.

मेंढरं गेली कोणत्या दिवशी, हे मी त्यांना कधी विचारलंच न्हवतं. फी भरली गेली, एवढंच मला ठाऊक. ज्या माणसाला माझी जन्मतारीख नीट सांगता येत न्हाई, त्याला टेम्पोची वेळ पाठ होती. मला स्वतःची लाज वाटली, आन् रडूबी आलं.

रकाना तारखेपुरताच होता. मी तारीख लिहिली आन् तिच्या बाजूला, समासात, साडेसातबी लिहिलं.