खालांची केळ

तेव्हा मी खामगावजवळ एका टिश्यूकल्चरच्या प्रयोगशाळेत कामाला होते. अंगात पांढरा कोट, तोंडाला मास्क, आणि दिवसभर काचेच्या बाटल्यांत केळीचे इवले कोंब लावायचे. बाटल्या ठेवायच्या खोलीत वर्षभर एकच ऋतू. दुधी उजेड, एसीची घरघर, मांडण्यांवर नुसता हिरवा रंग. तिथे पाण्याखाली उभं असल्यासारखं वाटायचं.

माझ्या गावी, वरवट बकालला, आमच्या शेजारी खाला राहतात. त्यांच्या न्हाणीमागे केळीचं जुनं बेट होतं. बुटकी, पातळ सालीची केळी. रोप त्यांनी लग्नानंतर माहेरून आणलेलं. गल्लीतल्या लेकरांना पहिल्यांदा भरवायचं ते हेच केळं. मलाही तेच भरवलं होतं म्हणे.

एकदा सुट्टीत गेले, तर बेटाची पानं आखूड, ताठ, शेंड्याशी गोळा झालेली. पर्णगुच्छ रोग. बुडातून फुटणारे मुनवेही रोगटच निघतात, म्हणून सगळं बेट काढून टाकावं लागतं. मी तसं सांगितल्यावर खाला पानावरून हात फिरवत राहिल्या.

"काढून टाक बेटा," त्या म्हणाल्या. "पन एखादं तरी वाचव ना. तुह्या बाटलीत नाई जगत का?"

साहेबांना विचारून मी चार-दोन मुनवे नेले. थर सोलत गेलं की अगदी आत टाचणीच्या डोक्याएवढा शेंडा राहतो. तिथवर रोग बरेचदा पोचलेला नसतो. ते शेंडे मी बाटलीतल्या खाऊवर, म्हणजे जेलीवर, ठेवले. काही काळे पडले, काहींना बुरशी लागली. एक तेवढा हिरवा झाला. मग त्यालाच बाजूने फुटवे येत गेले.

खाला एसटीने बघायला आल्या. आत जाता येत नव्हतं, म्हणून काचेला कपाळ लावून उभ्या राहिल्या.

"झोपले काय बे सारे?"

"वाढून राह्यले, खाला."

"बोलू का यायच्याशी?"

"बोला. पण आत ऐकू नाही जात."

तरी त्या बोलल्या. न्हाणीमागची माती कशी आहे, ऊन कुठून येतं, सगळं हळू आवाजात सांगितलं. मी बाहेर त्यांच्या शेजारी उभी राहून ऐकत राहिले. त्या दुपारी घड्याळ चालत होतं की नाही, मला आठवत नाही.

तपासणीत रोपं निरोगी निघाली. सावलीच्या जाळीखाली ती बाहेरच्या हवेला सरावली, आणि मग मी गावी नेली. जुनं बेट काढलं त्या जागी रोग उरलेला असू शकतो, तिथे लावायची नाहीत, असं मी सांगितलं होतं. खालांनी एक अंगणात लावलं, बाकीची गल्लीत वाटली.

आता दहा परसांत एकच केळ उभी आहे. वारा सुटला की सगळीकडची पानं एकदमच सळसळतात. खाला संध्याकाळी दारोदार फिरतात आणि विचारतात, "पानी टाकलं का वो तिले?"