स्टीलचा प्याला

आमच्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावात हातपंप दुरुस्त करणारा तो माणूस रविवारी चर्चच्या उपासनेला शेवटच्या गीतालाच पोचायचा, ग्रीसने काळ्या हातांनी. मी टोकलं की म्हणायचा, ‘‘पंप का रविवार पाहून बिघडते जी, मास्तर?’’ मी शाळामास्तर आणि चर्चच्या मंडळीचा सचिव. माझा एकही रविवार चुकला नव्हता.

प्रभुभोजनात आम्ही सगळे एकाच प्याल्यातून द्राक्षरस प्यायचो. कुष्ठरोगातून बरी झालेली एक म्हातारी येऊ लागली, तेव्हा तिच्यासाठी वेगळा स्टीलचा प्याला ठेवायचं मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आम्ही वडीलजनांनी ठरवलं. कसले वडीलजन! त्या रविवारी तो नेमका वेळेवर आला. तिच्या हातून प्याला घेऊन त्यानं तिचा उरलेला द्राक्षरस पिऊन टाकला आणि मला विचारलं, ‘‘प्रभूनं दोन प्याले कवा भरले जी?’’

मी वचनं पाठ असलेला माणूस, पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला.

पुढच्या बैठकीत आम्ही मंडळीच्या यादीतून त्याचं नाव कमी केलं. ‘सततची गैरहजेरी’ हे कारण इतिवृत्तात माझ्या अक्षरात आहे. ते साफ खोटं आहे. खरं कारण तो प्याला होता.

तो पुन्हा आला नाही, म्हातारीही नाही. प्याला मात्र आम्ही घासूनपुसून कपाटात ठेवला, आणखी कोणी तसं आलं तर लागेल म्हणून.