भोंग्यातला साहेब

एका साध्या शनिवारी मी एकट्यानं, बसल्या जागेवरून, सत्तेचाळीस घरं उठवली.

आता तुमाले वाटलं असंन, हा कोनी गुंड हाय, नाईतर बिल्डर हाय. नाई राजेहो! मी पाळकाचा पोरगा हाय. म्हंजे आता तुमाले वाटलं असंन, का हे काईतरी पवित्र निंगन. दगडी चर्च, उंच घंटा, मेनबत्त्या, शेवटी डोळ्यात पानी. तेबी नाई! आमचं चर्च म्हंजे अकोट रोडवरचं सरकीचं जुनं गोदाम. घंटेच्या जागी उंदरं. (पहिल्या उपासनेत आमी जोरात "आमेन" म्हनलं तं वरून मूठभर सरकी पडली. माय म्हने, आशीर्वाद समज. मी डोक्यातून दोन दिवस आशीर्वाद वेचत होतो.)

बाबा पहिले अमरावतीत एका शाळेत क्लर्क होते. नोकरी सोडली आन म्हनले, "चर्च काढाचं तं जिथं कोनी जात नाई तिथं." तशी जागा त्याईले लवकरच सापडली. वर मेळघाटात वाघासाठी रिकाम्या केलेल्या एका गावातले कोरकू लोकं खाली सपाटीवर आनून बसवले होते. टिनाची घरं, झाड एक, तेबी लिंबाचं. नळ होता, पन नळात फक्त हवा. ते गोदाम या वस्तीपासून दोन किलोमीटर. माय नर्स, तिच्याजवळ गोळ्याईचा डबा; बाबाजवळ पवित्र शास्त्र आन जुनी स्कूटर; आन माह्याजवळ तोंड.

वस्तीचे पुढारी म्हंजे मानू पटेल. वाळकं शरीर, पन नजर अशी का समोरच्याचा खिसा बी खरं बोलंन. पहिल्याच दिवशी त्याईनं बाबाले सांगतलं, "पास्टर, या. दवाई द्या, लेकराईले शिकवा. आमचा देव बदलाले लावू नका आन आमाले खोटं सांगू नका. लय साहेब आले, लय कागदं आनले. आता एक जरी खोटं निंगलं तं वापस जाचा रस्ता तुमाले माहीत हाय."

बाबा म्हनले, "कबूल." आन घरी येऊन माह्याकडं पाह्यलं. 

कारन मले एक रोग हाय. मले कोनाचाबी आवाज काढता येते. शाळेत मी हेडमास्तरच्या आवाजात दारामागून सुट्टी देऊन टाकली होती, आन तीन वर्ग घरी बी गेले होते! मिक्सर, कोंबडा, शेजारच्या बंडूभाऊचा ऑटो सकाळी चालू होत नाई तवाचा आवाज, सगळं येते. अन् वस्तीतल्या एका पोट्ट्याच्या मोबाइलात मले खजिना सापडला. जुनं गाव सोडाच्या दिवसाचा व्हिडिओ. जीपवर भोंगा, आन भोंग्यात एक साहेब. काय आवाज होता! नाकातून निंगे, पोटात जाऊन गरम होये आन मंग बाहेर ये. दर वाक्याच्या आधी "हुं" म्हने. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाह्यला. त्या पोट्ट्याचं तोंड पाहाले पाह्यजे होतं मी. तो एकडाव बी हसला नव्हता.

तर तो शनिवार. रविवारी गोदामात (बाबा त्याले 'नवीन जागा' म्हनत) मोठं आरोग्य शिबिर ठेवलं होतं, वरून सगळ्याईले जेवन. बाबा आन माय डॉक्टरसंग उद्याचं पक्कं कराले पहाटेच अमरावतीले गेले. जाताना बाबानं मले कागद देला. "बंडूभाऊच्या ऑटोवर भोंगा हाय. हे वाचून दाखव. इकडचं तिकडं एक अक्षर करू नको."

मी शपथेवर सांगतो, एक अक्षर केलं नाई! कागदावर होतं तेच वाचलं. फक्त वस्तीत ऑटो शिरला, समोर भोंगा, हातात माइक, आन माह्या गळ्यात तो साहेब आपोआप येऊन बसला.

"हुं. सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की... हुं... उद्या सकाळी दहा वाजता डॉक्टर सर्वांची तपासणी करतील. त्यानंतर सर्वांना जेवण देण्यात येईल. सर्वांनी लेकरंबाळं, म्हातारे माणसं आणि आपापली ताटं-वाट्या घेऊन नवीन जागी हजर व्हावे. न्यायला गाडीची सोय केलेली आहे. हुं. कोणीही मागे राहू नये!"

बंडूभाऊ हसू हसू हँडलवर पडला. "अबे, सेम टु सेम!"

मले असं भरून आलं का मी वस्तीले तीन चकरा मारल्या. ऑटोच्या पडद्यातून माहं तोंड दिसत नव्हतं. लोकं घराबाहेर येऊन चुपचाप उभे होते. मले वाटलं, कलेची कदर करून राह्यले.

मंग आमी अकोटात कचोरी खाल्ली, मंडपाचं कापड घेतलं आन बाराच्या सुमारास परत वस्तीकडं आलो. दुरूनच बंडूभाऊनं ब्रेक मारला.

"काबे, हे घरं अशे बोडके काहून दिसून राह्यले?"

एकाबी घराले दरवाजा नव्हता. सगळे दरवाजे काढून लिंबाखाली एकाले एक टेकवून ठेवलेले. एका दरवाज्याले बकरी बांधलेली. चार घराईवर मानसं चढून टिनं उकलून राह्यले होते. बाया गोधड्याईच्या मोटा बांधून त्याच्यावर बसल्या होत्या. 

"पटेलबाबा, हे... हे काय चालू हाय?"

मानू पटेल खांद्यावर दरवाजा घेऊन चालले होते. थांबले बी नाई. "साहेब येऊन गेला. उद्या नेते आमाले."

"कुठं?"

"ते कवा सांगतात का? मागच्या बारीले बी असंच. पहिले डॉक्टर आले, मंग जेवन देलं, मंग ट्रक आले. तवा आमचे दरवाजे तिथंच राह्यले होते. आता पहिले दरवाजे काढले."

मी बंडूभाऊकडं पाह्यलं. बंडूभाऊ आभाळाकडं पाहून राह्यला होता. (आभाळात काईच नव्हतं.)

"पन पटेलबाबा, साहेब... ऑटोत येते का?"

"जीप बिघडली असंन."

खरं सांगाव तं आत्ताच सांगाव. जीभ म्हने, पाच मिनिटं थांब. तेवढ्यात चार जवान पोट्टे आले. "पटेलबाबा, आमी तहसीलवर जातो! रस्ता अडवतो!" दुसऱ्या बाजूनं खबर आली का दोघं नवरा-बायको मेळघाटातल्या सेमाडोहची गाडी धराले स्टँडवर निंगून बी गेले. म्हने, उठवाचंच हाय तं आमीच जातो आमच्या जंगलात, निदान वाघ वळखीचा हाय!

"बंडूभाऊ, स्टँडवर जा, त्याईले आन!" मी कुजबुजलो.

"आन तू?"

"मी... मी इथं विचार करतो."

"तू विचार नको करू बाप्पा," बंडूभाऊ म्हनला आन ऑटो पळवला.

अर्ध्या घंट्यात तो त्या दोघाईले घेऊन परत आला. आन त्याच ऑटोतून, स्टँडवर उतरलेले, माहे बाबा आन माय बी उतरले! देव सगळ्याईची गाठ घालून देते, फक्त वेळ त्याची असते.

बाबानं दरवाज्याईकडं पाह्यलं. बोडक्या घराईकडं पाह्यलं. त्याईचं तोंड कापसासारखं पांढरं पडलं. "पटेल, कोनी सांगतलं उठाले? मले काईच माहीत नाई! मी आत्ता जातो, साहेबाले भेटतो, पाया पडतो..."

आन तवा मले फुलाबाई दिसली. वस्तीतली सगळ्यात म्हातारी. तिच्या घराचे टिनं निंगाले होते, दरवाजा गेला होता, आन ती मधल्या खांबाले दोन्ही हातानं मिठी मारून बसली होती. मायनं तिच्या खांद्याले हात लावला तं म्हने, "मी नाई उठत, बाई. एकडाव उठली. आता मले खांबासंगच न्या."



"मी होतो!" मी वरडलो. "साहेब नव्हता! भोंग्यात मी होतो!"

सगळी वस्ती माह्याकडं वळली. आता मले मारतीन, मी डोळे मिटले. पन मारलं नाई. ते हसले बी नाई. त्याईनं विश्वासच नाई ठेवला!

"तू?" पटेल म्हनले. "तो आवाज कसा भारी होता. तुहा तं गळा बी अजून पुरा फुटला नाई."

"खरंच मीच, पटेलबाबा! बंडूभाऊले इचारा!"

"मी तं गाडी चालवून राह्यलो होतो," बंडूभाऊ म्हनला. असा दोस्त दुश्मनाले बी न मिळो.

पटेल माह्या बाबाकडं वळले. "पास्टर, पोराले पुढं करून आमाले गप करून राह्यले का? म्हंजे तुमाले पहिलेच माहीत होतं?"

बाबा माह्याजवळ आले. हळूच म्हनले, "काढ तो आवाज."

मी माइक हातात घेतला. भोंग्यातून पहिले नुसतं "खरखरखर" आलं. तोंड उघडलं. "हुं" म्हनाले गेलो तं "म्हेंऽऽ" निंगालं. दरवाज्याले बांधलेल्या बकरीनं लगेच जबाब देला. दुसऱ्यांदा नुसती हवा, वस्तीच्या नळासारखी. जन्मभर नको तिथं निंगाला तो आवाज, आन आज पाह्यजे तं दडून बसला!

"पानी द्या त्याले," फुलाबाई खांबापासून म्हनली. मी एक घोट घेतला. डोळे मिटले.

"हुं. सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की..."

एक लेकरू रडाले लागलं आन आपल्या मायच्या पदरात शिरलं. मले वाटलं, झालं, आता तो रस्ता. आमचं चर्च, मायचा डबा, बाबाची स्कूटर, सगळं त्या रस्त्यानं जाईन, आन कारन मी.

फुलाबाईनं खांब सोडला. चालत चालत माह्यासमोर आली. लय वेळ माह्या तोंडाकडं पाह्यलं, जसं काई साहेब कुठून निंगते ते शोधून राह्यली.

"अजून बोल," ती म्हनली. "त्याच्याच आवाजात. म्हन, फुलाबाई, तुमी बसा. तुमाले कोनी उठवत नाई."

मी बाबाकडं पाह्यलं. बाबानं मान हलवली.

"हुं. फुलाबाई... तुम्ही बसा. तुम्हाला कोणीही उठवणार नाही."

"अजून एकडाव."

मी अजून म्हनलं. तिनं मान डोलावली, जसं काई लय दिवसाचा अडकलेला कागद पास झाला. मंग मागून एकजन वरडला, "म्हन, सोमवारी नळाले पानी येईन!" "हुं. सोमवारी नळाला पाणी येईल!" "म्हन, साहेब स्वतः येऊन टिनं लावन!" "म्हन, आता वाघाले उठवतो!" मी वाघाले सात दिवसाची मुदत देली. तवा पहिल्यांदा कोनीतरी हसलं, आन मंग पुरी वस्ती. मानू पटेल नाई हसले. ते म्हनले, "चला, साहेबानं एकडाव तरी आपलं ऐकलं." मंग माह्याकडं बोट केलं. "पास्टर, तुमी या उद्या. हे पोट्टं इथंच राहीन. दरवाजे हे लावन."

मी लावले. सत्तेचाळीस! दरवाजे सारखे दिसतात, पन एकबी दुसऱ्या घराले बसत नाई. उन्हात, फुलाबाईच्या देखरेखीखाली. (बंडूभाऊ बिजागऱ्या धरून उभा होता आन अजून म्हनत होता, "मी तं गाडी चालवून राह्यलो होतो.")

शेवटचा दरवाजा बसला, तवा माय कमरेवर हात ठेवून उभी होती. बाबा रागावले असते तं मी सहन केलं असतं, त्याईचे तीन वाक्यं मले पाठ हायत. माय वेगळी. मायचा आवाज मी आजवर काढला नाई, तेवढी हिंमत नाई.

"लाज वाटते का?" ती म्हनली. "त्या म्हातारीचं बीपी मोजलं मी. यंत्र बी भेलं! लोकाईनं एकडाव उजडून परत मांडलेलं घर तू 'हुं' म्हनून उकललं! कलाकार हाय म्हने! अरे, गारुडी बी पहिले इचारते, साप काढू का म्हनून! आता उद्या सकाळी सहाले उठाचं. घरोघरी जाऊन आवतन द्याचं. पायी. भोंगा नाई, माइक नाई. आन बोलाचं तं फक्त आपल्या आवाजात. समजलं?"

"हो... पन माय..." मी चिरकलो. "माहा आवाज... म्हंजे कोनता?"

माय म्हनली, "आता भेवानं निंगून राह्यला न, तो!"