आईच्या खोलीकडे उघडलेलं पोर्ट

राउटरच्या पोटाला चिकटवलेला बारीक अक्षरांचा कागद वाचायला मी चष्मा आणि टॉर्च घेऊन टीव्हीच्या स्टँडखाली आडवी पडले होते, आणि अण्णा वरून दर अर्ध्या मिनिटाला विचारत होते, "झालं का?" चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीच या खाली, मी वर उभी राहून विचारते." माझं तोंड असंच आहे. अण्णांचंही तसंच, म्हणून त्यांना राग आला नाही. "लय शहाणी झालीस," एवढं म्हणून ते आईला पाणी पाजायला गेले.

आईला थंडीत अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही जवळपास गेली. एखादा शब्द यायचा, तोही खूप जोर लावून. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, "त्यांना सगळं समजतं, हे विसरू नका." आम्ही दोघांनी जोरात मान हलवली होती. माझं सासर सिन्नरचं, नोकरी तिथल्याच एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. मी फक्त रविवारी एसटीने यायची. बाकी सहा दिवस आईचं अंघोळ-पाणी, जेवण, कूस बदलणं, सगळं अण्णा एकटे करायचे. चार महिन्यांत ते घराच्या फाटकाबाहेर गेले असतील तर औषधाच्या दुकानापर्यंत. गाल बसले, दाढी वाढली. शेजारच्या काकू मला फोनवर म्हणाल्या, "अगं, आईचं तू बघते आहेसच, पण आधी वडिलांकडे बघ. हा माणूस खाटेशीच संपेल."

म्हणून हा आईच्या खोलीत कॅमेरा लावायचा घाट. रोज अकरा ते बारा अण्णांनी बाहेर जायचं. सातपूरच्या आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर कंपनीतले रिटायर लोक बाकावर बसतात, पत्ते खेळतात. तिथे बसायचं, येताना भाजी आणायची. तेवढा वेळ मी सिन्नरहून आईवर लक्ष ठेवायचं आणि काही झालं तर काकूंना फोन करायचा. आईला एकटं सोडायचं नाही आणि अण्णांना तासभर मोकळं करायचं, दोन्ही साधणार होतं.

कॅमेऱ्याबरोबर आलेलं ॲप दर दोन मिनिटांनी लटकायचं. आईचा हात वर गेलेला दिसायचा आणि तसाच थिजून राहायचा. मग मी इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून बघून पोर्ट फॉरवर्डिंग शिकले. नेटवाल्याला फोन करून आमच्या कनेक्शनला बाहेरून पोचता येईल असा स्वतंत्र पत्ता घेतला. राउटरच्या पानावर जाऊन कॅमेऱ्याला एक नंबर कायमचा बांधून दिला आणि राउटरला सांगितलं, की बाहेरून अमुक पोर्टवर कोणी आलं तर त्याला सरळ कॅमेऱ्याकडे सोड.

हे अण्णांना समजावताना मला वाटलं होतं, तास जाईल. पण अण्णांनी सातपूरच्या एका कारखान्यात गेटवर टाइम ऑफिसमध्ये आयुष्य काढलेलं. "म्हणजे गेटवर चिठ्ठी देऊन ठेवायची, की या नावाने येणाऱ्याला थांबवू नका, डायरेक्ट स्टोअरला पाठवा," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो, तेच." त्यांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक आली.

त्याच पानावर ॲक्सेस कंट्रोल होतं. कोणता मोबाईल आपलं वायफाय वापरेल आणि कोणता नाही, याची यादी. ती दाखवली मात्र, आणि अण्णा पुन्हा ड्युटीवर हजर झाले. आई धडधाकट होती तेव्हा तिने आमचा पासवर्ड अख्ख्या लाइनीला विरजण दिल्यासारखा दिला होता. अण्णांनी दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या, आणि एकेका मोबाईलची ओळख पटवली. "काकूंचा लाल", "जावयांचा मोठा", "माझा टॅब". ज्याची ओळख पटेना तो बंद. दोन दिवसांनी काकू दारात. "काय हो, मुलीकडून आलेला नवीन मोबाईल तुमच्या यादीत नाही म्हणे! आता वायफायलाही गेटपास लागतो का?" अण्णांनी त्यांना खरोखरच खुर्चीवर बसवून नंबर लिहून घेतला, मग सोडलं. मी हे ऐकून पोट धरून हसले. आईलाही हसू आलं होतं, अर्ध्या ओठाने.

कॅमेऱ्याचा पासवर्ड मात्र मी बदलला आणि परत पहिला ठेवला. झालं असं, की नवीन पासवर्ड टाकल्यावर अण्णांना स्वयंपाकघरातून टॅबवर आई दिसेना. दर वेळी मोठं अक्षर, छोटं अक्षर, मध्येच आकडा, ते वैतागले. "डाळ उतू जाते तोवर," म्हणाले. मीही वैतागले होते, सहाची एसटी गाठायची होती. कॅमेऱ्याबरोबर जो येतो तोच सोपा पासवर्ड मी परत टाकून दिला. राउटरचा मजबूत केलाय ना, मग झालं. आणि आमच्या घरात बघण्यासारखं आहे तरी काय? एक खाट, एक कमोडची खुर्ची, एक टेबलफॅन. असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा, आईच्या उशाशी उभी राहून.

सुरुवातीचे आठवडे फार बरे गेले. अकराच्या ठोक्याला मी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात छोटी खिडकी उघडायची आणि फोन करायची, "निघा, बघतेय." अण्णा दाढी करायला लागले. इस्त्रीचा शर्ट आला. बाकावरच्या भानगडी मला फोनवर सांगायला लागले: कोण पत्त्यात लबाडी करतो, कोणाच्या सुनेने काय म्हटलं. एक दिवस तर बारा वाजून वीस मिनिटांनी आले आणि मी त्यांना झापलं, पण मनातून आनंद झाला होता. मी वडिलांसाठी काहीतरी केलं, असा माझा चांगलाच तोरा होता त्या दिवसांत.

उन्हाळा लागला आणि आईने चादर ओढायला सुरुवात केली. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि ही डाव्या हाताने चादर गळ्यापर्यंत घ्यायची. अण्णा अंग पुसायला आले की आधी मान वळवून वर कॅमेऱ्याकडे बघायची आणि चादर घट्ट धरायची. अण्णा कावले. डॉक्टर म्हणाले, या आजारात गरम-थंडचा अंदाज जातो कधीकधी. काकूंनी सुंठ सुचवली. एका रविवारी मी म्हटलं, "अगं आई, घामाने भिजली आहेस, सोड ना!" आणि तिच्या मुठीतून चादर ओढून काढली. तिच्या एका हातात जेवढा जोर होता तेवढा तिने लावला. माझ्याकडे दोन्ही हात होते.

अण्णांच्या वहीत मागच्या पानांवर वेगळीच नोंद चालू झाली होती. बघणाऱ्याने लांबून फिरवला की कॅमेरा मानेत फिरतो, तेव्हा बारीक घर्रर्र आवाज येतो. गेटवरच्या माणसाची सवय. तो आवाज आला की हे वेळ लिहायचे. मला एकदा विचारलं, "चहाच्या सुट्टीतपण बघतेस का गं?" मी म्हटलं, "बघते कधीतरी." खोटं नव्हतं ते. त्यांना बरं वाटलं, लेक किती काळजी करते. आईलाही त्यांनी तसंच सांगितलं म्हणे, "पोरगी बघतेय हं तुझ्याकडे."

मग तो रविवार. दुपारची जेवणं झाली होती, अण्णा ओसरीवर पेपर वाचत होते, टॅब कपाटावर. माझा मोबाईल चार्जिंगला लावलेला, मला समोर दिसत होता. मी आईचा गाउन बदलत होते. वरून आवाज आला, घर्रर्र. कॅमेऱ्याने मान वळवली आणि खाटेवर येऊन थांबला.

मी पहिल्यांदा मूर्खासारखी मोबाईलकडे बघत राहिले. मग आईकडे. आई कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी टेबलावर चढले आणि कॅमेऱ्याची वायर उपटली. अण्णांची वही मागितली. चार-पाच आठवड्यांच्या नोंदी. एकेक वेळ मी माझ्या दिवसाशी लावून बघायला लागले. तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. तेव्हा एसटीत होते, रेंज नव्हती. तेव्हा तर इथेच बसले होते, मागच्या रविवारी. राउटरच्या पानावर आतल्या मोबाईलची यादी अगदी स्वच्छ होती, अण्णांनी एकही अनोळखी शिरू दिला नव्हता. पण ती यादी फक्त घराच्या आत असणाऱ्यांची. पोर्टवरून येणारा त्यात दिसतच नाही. वायर जोडून, कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे करून मी त्याच्या स्वतःच्या नोंदी उघडल्या, तर तिथे बाहेरून आलेल्यांच्या पत्त्यांची रांग लागलेली. माझ्या ऑफिसचा पत्ता ओळखीचा होता. बाकीचे कुठले, कोणाचे, देव जाणे. कोणीतरी कुठेतरी बसून सोपा पासवर्ड टाकून बघितला, दार उघडलं, आणि तो येत राहिला. पुढच्या दाराशी अण्णा वही घेऊन बसलेले, आणि मागचं दार मी स्वतःच्या हाताने सताड उघडं ठेवलेलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

मी अण्णांवरच ओरडले. "तुम्हालाच सोपा पासवर्ड पाहिजे होता!" ते वही मांडीवर घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, "माझ्या गेटवरून कधी एक बोल्ट विनापास गेला नाही." मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मी पोर्ट काढून टाकलं, तो स्वतंत्र पत्ता बंद करायला फोन केला. सगळं दहा मिनिटांत झालं.

आईला सांगू नये असं अण्णांचं म्हणणं पडलं. "कशाला तिच्या जिवाला घोर?" पण चादर ओढताना लावलेला तिचा जोर माझ्या हातात अजून होता. मी खाटेवर बसले आणि सांगितलं. परका कोणीतरी बघत होता. माझ्यामुळे. कोण ते कळलं नाही, कळणारही नाही. सांगता सांगता मला रडू फुटलं, आणि रडतानाच मी घाईघाईने म्हणत होते, "आता सगळं बंद केलंय. पासवर्ड चांगला कडक करते, मग परत लावू. मग फक्त मीच बघेन, आई. फक्त मीच."

तिने डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. ओठ हलायला लागले. अण्णा सवयीने तिचं वाक्य पूर्ण करायला पुढे वाकले, "पाणी हवं? पाणी?" तिने डोळ्यांनीच त्यांना थांबवलं.

"तू... पण... नको."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती परत म्हणाली, यावेळी जरा लवकर. "तू पण... नको."

म्हणजे इतके दिवस ती माझ्या नजरेपासून लपायला चादर ओढत होती. परका कोणी आहे हे तिला काय माहीत? तिला अण्णांनी सांगितलं होतं, पोरगी बघतेय. मला फार लागलं ते. मी म्हटलं, "अगं, मग सांगायचं ना! खूण करायची काहीतरी!"

"कोणी... विचारलं?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. नेटवाल्याला विचारलं, काकूंना विचारलं, अण्णांशी तर वाद घालून घालून विचारलं. कॅमेरा लावताना ती सहा फुटांवर पडून आमच्याकडे बघत होती. डॉक्टरांनी बजावलेलं वाक्य मी सगळ्या नातेवाइकांना फोनवर ऐकवलं होतं.

मी डोळे पुसले. "बरं, आता विचारते. अण्णांना तासभर बाहेर जाऊ दे ना? किती वाळलेत बघ. काकू येऊन बसतील इथे. चालेल?"

तिने अण्णांकडे बघून मान हलवली, जाऊ दे म्हणून. काकूंच्या येण्याला मात्र डोळे मिटून घेतले. शब्द गोळा करायला तिला खूप वेळ लागला. आम्ही दोघांनी पहिल्यांदाच तो वेळ दिला.

"मला पण... तास."

"म्हणजे एकटी?" मी म्हटलं. "कोणी नको? आई, अगं काहीतरीच! खाटेवरून पडलीस तर?"

"पडेन," आई म्हणाली.

हा शब्द एकदम स्पष्ट आला. अण्णा माझ्याकडे बघायला लागले, मी अण्णांकडे. मग त्यांनीच उठून खाटेचा कठडा वर केला, हलवून बघितला, आणि तिला विचारलं, "अकरा ते बारा?" तिने मान हलवली.

सोमवारी अकरा वाजता अण्णांचा फोन आला, "निघतोय." मी "बरं" म्हटलं. पूर्ण तासभर मला काही दिसत नव्हतं.