बांगड्यावरची गोळी

नवऱ्याच्या डोक्याला भोक पाडून आत तार घालायची की नाही, हे ठरवायला आम्ही गोव्याला गेलो. पार्किन्सनवर आता असं ऑपरेशन निघालंय. छातीत बॅटरी बसवतात, तिच्या जोरावर हातपाय मोकळे होतात. हे ऐकल्यापासून ते जेवणाआधी देवाला आणि जेवणानंतर मला शिव्या घालत होते. मी दमले होते. कुणीही काहीही करावं, पण या माणसाला स्वतःच्या पायांवर उभं करून द्यावं, एवढंच मला हवं होतं.

पहिली दोन वर्षं तर खांद्यातच गेली. खांदा धरलाय म्हणून तेल, शेक, मालवणात जाऊन इंजेक्शनं. मग एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना नुसतं चालायला लावलं आणि चालताना डावा हात हलत नाही, एवढ्यावरून दुखणं ओळखलं. गोळ्या सुरू झाल्या. पण कसलं काय! दुपारी जेवले की तासाभरात माणूस ओंडका. उठवा, संडासला न्या, सदऱ्याची बटणं लावा. डोस वाढवला तरी तेच.

फक्त सोमवारी ते बरे असायचे. किनाऱ्यावर होडीपर्यंत एकटे जायचे, जाळ्याची गाठसुद्धा सोडवायचे. सोमवार आम्ही पाळतो, चुलीवर मासा चढत नाही. देवाची कृपा म्हणून मी दर सोमवारी नारळ ठेवत आले. शेजारीण म्हणाली, मग रोजच सोमवार पाळा की. मी हसून सोडून दिलं. देवबागात राहून रोज कोण बिनमाशाचं जेवणार?

गोव्यात ऑपरेशनआधी एक तपासणी करतात. रात्रीपासून गोळ्या बंद, सकाळी उपाशीपोटी एक मोठा डोस. थोड्या वेळाने हे खुर्चीतून उठले, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि वळून परत आले. माझे डोळे भरले, आणि रागही आला. घरी काय धाड भरते यांना? डॉक्टरांनी मला विचारलं, गोळी कशी देता. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की एवढं जहाल औषध रिकाम्या पोटी कसं देईन? आधी पोटभर मासे-भात, वर अशक्तपणा म्हणून एक बांगडा जास्तीच.

डॉक्टर म्हणाले, "काकी, मासे पोटात असले की त्यातली प्रथिनं आडवी येतात, गोळीचा गुणच लागत नाही."

म्हणजे इतकी वर्षं सोमवारी त्यांना सोलकढी-भात चालवत होता, आणि नारळ देव घेत होता.

ऑपरेशन तूर्त टळलं. गोळी जेवणाच्या बरीच आधी, मासे फक्त रात्री. हे दिवसभर हिंडूफिरू लागले. पण दुपारचं ताट पाहिलं की तोंड पाडून बसायचे. जन्मभर समुद्रावरून येऊन ताजा मासा खाल्लेला माणूस. मीही वैतागून एकदा म्हटलं, चालायचंय की खायचंय, ते एकदा ठरवा.

परवा दुपारी घरात ताजे बांगडे आले होते. ते चालत स्वयंपाकघरात आले, माझ्यामागे उभे राहिले.

"आज माका खंय जावचा नाय," ते म्हणाले. "बांगडो वाढ गो."

मी वाढला. काटे त्यांनी स्वतःच काढले, भराभर, हात आखडायच्या आत. मी त्यांचं अंथरूण घालून ठेवलं आणि त्यांच्याशेजारी जेवायला बसले.