पाणी न येणारं घर

सांगलीत भाड्याचं घर बघायला गेलं, की खोल्या किती हे कुणी आधी विचारत नाही. आधी विचारतात, "पुरात पाणी कुठवर आलं होतं?" घरमालकांनाही त्यात काही वाईट वाटत नाही. भिंतीवरचा डाग दाखवून ते अभिमानानं सांगतात, "हितवर. पण एकदाच!" (जणू पाणी चहाला आलं होतं आणि निघून गेलं.)

साताऱ्याहून सांगलीला यायची वेळ आली ती वहिनीमुळे आणि माझ्यामुळे. दादा सैन्यात, सीमेवर. वहिनीला मिरजेच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, माझी बँकेनं सांगलीच्या बाजारपेठेतल्या शाखेत बदली केली, आणि दादाची सहा वर्षांची मुलगी अन्वी हिला विश्रामबागेतल्या एका इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. 'मिळाला' हा शब्द फार सौम्य झाला. मुलाखत अन्वीची कमी आणि आमचीच जास्त झाली होती. शेवटी मुख्याध्यापिका मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आमचं गेट वेळेवर बंद होतं. सारखा उशीर करणाऱ्या मुलांचा आम्ही पुढच्या वर्षी विचार करत नाही." हे त्या इंग्रजीत म्हणाल्या, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना ते दुप्पट भीतीदायक वाटलं.

घर शोधायचं काम आप्पांनी हातात घेतलं. आप्पा म्हणजे माझे वडील, निवृत्त सुभेदार. ते भाजी आणायला गेले तरी मोहीम असते. जेवणाच्या टेबलावर त्यांनी सांगलीचा नकाशा पसरला आणि त्यावर तीन वाट्या ठेवल्या. एक मिरजेवर, एक शाळेवर, एक माझ्या बँकेवर.

"मधोमध बघायचं," ते म्हणाले. "तिघींना सारखंच अंतर. तक्रार नगं."

आईनं वाकून बघितलं. "आवं, मधोमध नाला हाय!"

"मग नाल्याच्या वरच्या अंगाला बघू."

शाळेच्या मागच्याच गल्लीत एक घर मिळत होतं. अन्वी चालत गेली असती. वहिनीचा चेहरा उजळला. आप्पांनी अंगणात उभं राहून बुटाच्या टाचेनं जमीन दाबली, डोळे बारीक केले आणि निकाल दिला, "सखल हाय. कॅन्सल."

"पण इथं पाणी आलंच नव्हतं," वहिनी म्हणाली.

"म्हंजे आता यायची पाळी हाय."

सैन्यातल्या माणसाशी वाद घालता येत नाही. मी तर कुणाशीच घालत नाही. मी एका कोपऱ्यात उभी राहून सगळं बघते आणि नंतर मनातल्या मनात फार सडेतोड बोलते.

असं करत करत आम्ही शहराबाहेरच्या एका उंचवट्यावर पोचलो. घरमालक पांढरी टोपी घातलेले, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. आप्पांनी ठरलेला प्रश्न विचारला.

"पाणी? हितं?" ते हसले. "आवं सुभेदार, हितं नळाचं पाणी कवातरी येतंय, पुराचं कुठलं!"

या वाक्याचा पहिला अर्धा भाग आप्पांनी ऐकलाच नाही.

"आणि रस्ता?"

"बघा की. समोरच हाय. कारखान्याचा रस्ता, लोण्यावानी!"

जून महिना होता, शाळा उघडायची होती. आप्पांनी रीतसर रिहर्सल ठेवली. अन्वीला गणवेश, दप्तर, पाण्याची बाटली असं पूर्ण सज्ज करून माझ्या स्कूटीवर बसवलं. पुढे बुलेटवर आप्पा, पायलट म्हणून. शिट्टी वाजली आणि आम्ही निघालो. रस्त्यावर एक कुत्रा सोडला तर कुणीही नव्हतं. मीही माझ्या परीनं मोबाइलवर नकाशा बघितला. शाळेपर्यंत सगळी निळी रेघ, लालचा ठिपका नाही. आम्ही शाळेच्या वॉचमनच्या आधी पोचलो!

"बघितलंस?" आप्पा म्हणाले. "प्लॅनिंग!"

आता एक गोष्ट सांगायला हवी. सांगलीकडच्या आमच्या मूळ गावी घरचा ऊस आहे, काका बघतो. आप्पा सरहद्दीवरून फोन करायचे तेव्हासुद्धा पहिला प्रश्न "पोरं कशी हायती?" नसायचा, "ऊस गेला का?" असायचा. आणि आमच्या गावचा ऊस जातो तो याच कारखान्याला, याच रस्त्यानं. पण ऊस रानातून गेला पाहिजे, एवढाच विचार आमच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या केलेला. तो रस्त्यानं जातो, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. पुराचं पाणी किती चढेल याचा हिशेब करणारी माणसं आम्ही, कारखान्याच्या रस्त्याला घर घेताना कारखाना विसरलो.

दिवाळी झाली. कारखान्याचा बॉयलर पेटला. एका सकाळी मी दार उघडलं, तर समोर रस्ता नव्हता. ऊस होता! एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यामागे ट्रॅक्टर, त्यामागे पुन्हा दोन ट्रॉल्या, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. थेट वळणापर्यंत.

मी हॉर्नवर अंगठा ठेवला, तर आप्पा बुलेटवरून ओरडले, "हॉर्न नगं! शेतकऱ्याचा माल हाय!"

"आप्पा, शाळा…"

"ऊस बघ की कसला हाय! कांडं बघ, मनगटाएवढं!"

दारातून आई कडाडली, "आवं, तुमची नात बी शेतकऱ्याचाच माल हाय! ती कवा पोचायची?"

त्यानंतर उशीर हा आमचा धर्म झाला. रोज सकाळी आई बाहेर बघून सांगायची, "आज तीनच हायत," किंवा "आज निघूच नगा." शाळेत 'माझा शाळेचा रस्ता' असं चित्र काढायला सांगितलं, तर बाकी मुलांनी झाडं, पूल, सूर्य काढला. अन्वीनं पूर्ण पानभर ट्रॉलीची मागची बाजू काढली. बाईंनी तिला विचारलं, "रस्ता कुठाय?" ती म्हणाली, "ह्याच्या पुढं."

शेवटी मॅडमचा फोन आला. सोमवारी सकाळी पालकांनी भेटावं. वहिनीची ड्यूटी होती. आप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "केतकी जाईल. इंग्लिश मिडियम कशासाठी केलंय?"

मी आरशासमोर उभी राहून भाषण पाठ केलं. त्यात 'अनफॉर्च्युनेट' तीनदा होतं आणि 'इन्फ्रास्ट्रक्चर' एकदा. अन्वीची जागा त्या भाषणावर अवलंबून होती, आणि निदान त्या दिवशी तरी वेळेवर पोचणं भाग होतं. दूधवाला यायच्या आधी आम्ही घर सोडलं.

आणि चौकात ट्रॉली उलटली होती.

ऊस रस्ताभर आडवा. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबलेल्या. त्या हंगामात पहिल्यांदाच आप्पांचा संयम सुटला. "कुणाचा हाय रं ह्यो? पोरांच्या शाळा हायत, कळतंय का?" असं गरजत ते गर्दीत घुसले. परत आले ते नातू झाल्यासारखे हसत.

"काय झालं?"

"आपलाच हाय!"

"काय आपला?"

"ऊस! आपल्या रानातला! काल तोड बसली म्हणं. तुझ्या काकानं मला सांगितलं बी न्हाई!"

एवढ्यात एका मोटारसायकलवाल्यानं ढिगातलं एक कांडं उपसलं. "ए, ठेव खाली!" आप्पा धावले. त्यानंतर त्यांनी ढिगाशेजारी जो पहारा सुरू केला, तसा त्यांनी सीमेवर तरी केला असेल का, याची मला शंका आहे. शाळा, मॅडम, नात, सगळं विसरले. मी अन्वीला घेऊन स्कूटी चरातून, पाचटातून, कुणाच्या तरी गोठ्याच्या कडेनं काढली.

मॅडमच्या केबिनमध्ये शिरले तेव्हा गेट बंद होऊन बराच वेळ झाला होता. माझ्या केसांत उसाचं पान होतं. (हे मला नंतर कळलं.)

"आजही?" मॅडमनी इंग्रजीत विचारलं.

मी तोंड उघडलं. 'अनफॉर्च्युनेट' आलंच नाही. "सॉरी मॅडम, अवर शुगरकेन…" एवढं बोलून माझं इंग्लिश मिडियम संपलं.

अन्वीनं मराठीत पूर्ण केलं, "आमचाच ऊस आडवा पडला."

मॅडमनी चष्मा काढला. उठल्या. केबिनचं दार लावून घेतलं. मी मनात अन्वीसाठी दुसरी शाळा शोधायला लागले.

"तुम्हाला तोड मिळाली?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"हो… काल."

"कशी ओ मिळाली? आमचा अजून रानात उभा हाय! तुरे आलेत, वजन घटाय लागलंय, आणि त्यो चिटबॉय माझा फोन उचलत न्हाई!"

(चिटबॉय म्हणजे कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची त्याची पाळी सांभाळणारा कारखान्याचा माणूस. आमच्या भागात त्याला जावयापेक्षा जास्त मान असतो.)

मी आप्पांना फोन लावला. मॅडमनी तो माझ्या हातातून घेतलाच. "नमस्कार आप्पा! व्हय, व्हय. काय म्हणता, तोडणीचा मुकादम तिथंच हाय? द्या की मग!" अन्वीच्या उशिराचा विषय पुन्हा निघाला नाही. निघताना त्यांनी तिला चॉकलेट दिलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा अडकलो. पुढच्या ट्रॅक्टरवरून मुकादमानं आप्पांना हात केला, "मॅडमचा हाय!" आम्ही शाळेत पोचलो तेव्हा मॅडम स्वतः गेटवर उभ्या होत्या. गेट सताड उघडं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठवर आलाय?"

या यशानं माझी भीड पार चेपली. त्याच दिवशी बँकेत उशिरा पोचल्यावर मी पहिल्यांदाच मान वर करून, न अडखळता, साहेबांना सगळी हकिकत सांगितली. ऊस, तोड, तुरे, चिटबॉय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझी अर्धी रजा लावली.

साहेब तासगावचे. त्यांच्या घरी द्राक्षं आहेत.