घण वर जाताना

वाचनालयातल्या मंडळींनो, आज फळ्यावर बातमीच्या जागी माझीच फजिती लावतो आहे.

बदली होऊन गेलेल्या साहेबांनी मला त्यांची गोल्फची जुनी काठी दिली, हे तुम्ही जाणताच. महिनाभर माळावर चेंडू मारतो आहे. तो समोर न जाता बाभळीत शिरतो. तालमीत लाठी फिरवलेला माणूस मी, काठी मागे नेतानाच हिसका देतो.

आज सकाळी तिचं वाकलेलं लोखंड सरळ करायला लोहाराकडे गेलो. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेसाठी नाल घडवणं चाललं होतं. लोहारदादा सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसलेले, आणि घण मारत होत्या त्यांच्या पत्नी सखूबाई. काठी सरळ झाल्यावर मी तिथंच फिरवून पाहिली.

सखूबाई हसल्या. "भाऊ, काठी वर लई जातांना घाई कसाले करतस? खांदा फिरू द्या. वर जाईसन घण जरासा थांबस, मंग आपसूक खाले येस."

माळावर जाऊन तसंच केलं. पहिलाच चेंडू सरळ गेला! धावत परत आलो. "बाई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

सखूबाईंनी नवऱ्याच्या सांडशी धरलेल्या हाताकडे पाहिलं. "तुमना चेंडू चुकना ते सापडी जाई. मन्ही घाई व्हयनी ते यास्ना हात जाई."

आणि घण पुन्हा वर गेला. अशा वेळी मध्ये बोलायची माझी छाती झाली नाही. आभार राहूनच गेले, म्हणून इथं लिहितो. सखूबाईंना वाचता येत नाही. घण खाली ठेवलेला दिसला, तर तुमच्यापैकी कोणी त्यांना हे वाचून दाखवाल का?